अमिगाचं भवितव्य नेमकं कुठे ठरलं?

अमिगा संगणकाला पुढे काही भविष्य आहे का, हा वाद १९८५ पासून चालत आला आहे आणि तो अजून पुरता विझलेला नाही. जुन्या यंत्रांवर जीव असलेली माणसं एकत्र जमली की विषय निघतोच, आणि बहुतेक वेळा सगळं खापर अमिगा विकणाऱ्या कमोडोर कंपनीच्या कारभाऱ्यांवर फुटतं. त्यात तथ्य आहे. पण माझ्या मते दुखणं त्याहून जुनं आहे. ज्या रचनेमुळे अमिगा जन्मतःच सगळ्यांच्या पुढे होता, त्याच रचनेने पुढे त्याचे पाय बांधले.

अमिगाचे जनक जे मायनर. अटारी २६०० हा खेळांचा कन्सोल आणि नंतरचे अटारी ४०० व ८०० हे घरगुती संगणक, या दोन्हींच्या खास चिप्समागे त्यांचंच डोकं होतं. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात उभ्या राहिलेल्या एका लहान कंपनीत त्यांना हवं ते यंत्र बनवायची संधी मिळाली: मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर आणि त्याच्या दिमतीला चित्र-आवाजाचं काम परस्पर उरकणाऱ्या चिप्स. पैसे संपत आले तेव्हा कंपनीने अटारीकडून पाच लाख डॉलर उचलले. ३० जून १९८४ पर्यंत ते फेडले नाहीत तर चिप्सचं तंत्रज्ञान अटारीच्या हाती जाणार होतं. मुदत टळायच्या आत कमोडोर पुढे आली, कर्ज फिटलं आणि ऑगस्टमध्ये तिने अख्खी कंपनीच विकत घेतली.

त्याच वर्षी कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडले आणि जुलैमध्ये त्यांनी अटारीचा घरगुती संगणकांचा धंदा घेतला. म्हणजे अटारीसाठी चिप्स घडवलेल्या माणसाचा संगणक कमोडोरकडे, आणि कमोडोर उभी करणारा माणूस अटारीकडे. पुढची काही वर्षं दोन्ही यंत्रांच्या चाहत्यांमध्ये जी भांडणं झाली, त्यांची मुळं इथे आहेत.

२३ जुलै १९८५ ला न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अमिगा १००० लोकांसमोर आला. अँडी वॉरहॉल यांनी मंचावर बसून गायिका डेबी हॅरी यांचं चित्र त्यावर रंगवलं. किंमत १,२९५ डॉलर, मॉनिटर वेगळा. अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आदल्या वर्षी २,४९५ डॉलरला आला होता आणि त्याचा पडदा काळा-पांढरा होता. आयबीएम पीसी ऑफिसात बसून हिशेब करत होता. अटारीचा ५२० एसटी मात्र खरा शेजारी: तोच ६८००० प्रोसेसर, रंगीत मॉनिटरसकट ९९९ डॉलर, आणि वाद्यं जोडायला मिडीची सोय आतच. म्हणून संगीतकार एसटीकडे वळले, ते बरीच वर्षं तिथेच राहिले.

अमिगाचं वेगळेपण कळायला एक छोटी गोष्ट पुरेशी आहे. पडद्याच्या वरच्या पट्टीवर माउस दाबून धरायचा आणि खाली ओढायचा. अख्खा पडदा दुकानाच्या शटरसारखा खाली सरकतो आणि त्यामागे दुसऱ्याच प्रोग्रामचा पडदा दिसतो, तोही वेगळ्या रिझोल्यूशनचा, वेगळ्या रंगांचा. दोन्ही एकाच काचेवर, एकाच वेळी. पडद्यावर ओळीओळीने चित्र काढणारा किरण कुठल्या ओळीवर पोचला आहे यावर ‘कॉपर’ नावाचा चिपमधला भाग नजर ठेवून असतो आणि ठरलेल्या ओळीवर तो पडद्याची मांडणीच बदलतो. प्रोसेसरला यात जवळजवळ काही करावं लागत नाही. त्याच्या जोडीला ४,०९६ रंग, चार आवाजांचा स्टिरिओ ध्वनी आणि कार्ल सॅसेनराथ यांनी लिहिलेला, खरं मल्टिटास्किंग करणारा, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवणारा, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. हे सगळं २५६ केबी मेमरीत. मला आजही हे थक्क करतं.

१९८७ मध्ये ६९९ डॉलरचा अमिगा ५०० आला आणि ब्रिटन-जर्मनीत घराघरात पोचला. तिकडे तो खेळांचा राजा झाला. अमेरिकेत तसं झालं नाही; तिथे त्याला व्हिडिओच्या धंद्याने आधार दिला. अमिगाच्या चिप्सची चाल ठरवणारं घड्याळ टीव्हीच्या सिग्नलशी जुळवलेलं होतं. अमेरिकन मॉडेलचा ७.१६ मेगाहर्ट्‌झ हा वेग तिथल्या टीव्हीच्या रंग-सिग्नलच्या बरोबर दुप्पट. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या व्हिडिओवर अक्षरं-चित्रं चढवणं सोपं होतं. न्यूटेक कंपनीचं १९९० चं व्हिडिओ टोस्टर, अमिगात बसवायचं व्हिडिओच्या कामाचं कार्ड, याच पायावर उभं राहिलं आणि लहान स्टुडिओंना परवडेल अशा किमतीत टीव्ही केंद्राची करामत देऊ लागलं.

पण नाण्याची दुसरी बाजू पाहा. टीव्हीशी जुळवलेलं असल्यामुळेच, ऑफिसच्या कामाला लागणारे बारीक, जास्त ओळींचे पडदे साध्या मॉनिटरवर थरथरायचे. पत्र टाइप करताना अक्षरांखालची बारीक रेघ डोळ्यांसमोर नाचते, असा संगणक कुठल्या ऑफिसने घ्यावा? एकच निर्णय, एकीकडे टोस्टर, दुसरीकडे ही थरथर.

मेमरीतल्या चित्राचंही तेच झालं. अमिगा चित्र थरांमध्ये साठवतो. ३२ रंग हवे तर पाच थर, प्रत्येक थरात प्रत्येक ठिपक्याचा एकच बिट. ३२० बाय २०० च्या चित्राला त्यामुळे ४०,००० बाइट पुरतात. ठिपक्याला एक बाइट दिला तर ६४,००० लागले असते. मेमरी महाग होती त्या काळात ही शहाणपणाची काटकसर होती, आणि आडव्या सरकणाऱ्या खेळांना ती फार मानवली. मग डिसेंबर १९९३ मध्ये पीसीवर ‘डूम’ हा त्रिमितीय दिसणारा गोळीबाराचा खेळ आला. असा खेळ भिंती ठिपक्याठिपक्याने रंगवतो. पीसीच्या व्हीजीए या चित्राच्या कार्डावर एका ठिपक्याला एक बाइट लिहिला की काम झालं. अमिगावर २५६ रंगांसाठी तोच ठिपका आठ वेगळ्या जागी एकेक बिटाने लिहायचा. प्रोग्रामर आधी साध्या मेमरीत चित्र काढायचे आणि मग दर फ्रेमला ते थरांमध्ये उलगडायचे. १४ मेगाहर्ट्‌झच्या अमिगा १२०० ची सगळी ताकद त्यातच जायची. तेव्हाचा ४८६ प्रोसेसरचा पीसी त्याच्यापेक्षा कितीतरी महाग होता, हेही सांगायला हवं. पण पोरांनी मित्राकडे जाऊन काय पाहिलं ते पाहिलंच.

चिप्स बदलायच्या ना मग? इथे तिसरी गाठ. वेग मिळावा म्हणून खेळ लिहिणारे ऑपरेटिंग सिस्टीमला बाजूला सारून थेट चिप्सशी बोलत. कमोडोरने काही हलवलं की जुने खेळ कोसळायचे, आणि नव्या मॉडेलांवर तसं झालंही. पीसीवर चित्राचं कार्ड वेगळं, आवाजाचं वेगळं. १९८७ मध्ये व्हीजीए आलं, १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर. जुनं काढा, नवं बसवा. शिवाय १९९० च्या विंडोज ३.० नंतर विंडोजसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला कार्ड कुठल्या कंपनीचं याची फारशी फिकीर उरली नाही. एका बाजूला शेकडो कंपन्या आपापला तुकडा सुधारत होत्या, दुसऱ्या बाजूला एका कंपनीची एक प्रयोगशाळा.

आणि तिलाही पोटभर खायला घातलं नाही. कमोडोरचे मुख्य कार्यकारी थॉमस रॅटिगन यांनी कंपनी तोट्यातून वर काढली. १९८७ मध्ये अध्यक्ष अर्विंग गोल्ड यांच्या मर्जीने त्यांनाच घरी पाठवलं गेलं. १९९१ मध्ये इंजिनिअरांकडे नव्या ग्राफिक्स चिप्सचा अमिगा ३००० प्लस नमुन्याच्या रूपात तयार होता, तो बाजारात आलाच नाही. त्या चिप्स लोकांना मिळाल्या १९९२ च्या अखेरीस, अमिगा ४००० आणि १२०० मध्ये. आवाजाची ‘पॉला’ चिप तोवरही १९८५ चीच होती. फ्लॉपीही तीच सांभाळायची, आणि जास्त क्षमतेच्या फ्लॉपीचा वेग तिला झेपत नसल्यामुळे अमिगा ४००० मधला ड्राइव्ह चक्क निम्म्या गतीने फिरवावा लागला. हा तपशील मला बाकी सगळ्या ताळेबंदांपेक्षा जास्त सांगून जातो.

२९ एप्रिल १९९४ ला कमोडोरने दिवाळं जाहीर केलं. जे मायनर त्याच वर्षी २० जूनला गेले. पुढे १९९५ मध्ये जर्मनीची एस्कॉम आणि १९९७ मध्ये अमेरिकेची गेटवे अशा हातांतून नाव फिरत राहिलं; नंतरची बरीच वर्षं मालकीच्या कज्ज्यांत गेली. यंत्रं मात्र थांबली नाहीत. हौशी लोकांनी गेल्या दशकात व्हॅम्पायर नावाची वेगवर्धक कार्डं बनवली. त्यांत मूळ चिप्स नव्याने उतरवल्या आहेत आणि थरांच्या जोडीला एका ठिपक्याला एक बाइट देणारी पद्धतही घातली आहे.