की-वाक्य आणि म्हणून-वाक्य

सांगणे, म्हणणे, वाटणे, कळणे यांसारख्या क्रियापदांचा आणि बरे, खरे, उघड, शक्य यांसारख्या विशेषणांचा आशय पूर्ण करणाऱ्या गौण वाक्याचे मराठीतील दोन प्रमुख प्रकार. पहिल्या प्रकारात मुख्य क्रियापद आधी, मध्ये ‘की’ हे अव्यय आणि शेवटी आशयाचे वाक्य असा क्रम असतो : ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’. दुसऱ्यात आशयाचे वाक्य आधी येते, त्यामागून ‘म्हणून’ किंवा ‘असे’ येते आणि मुख्य क्रियापद शेवटी पडते : ‘उद्या येतो म्हणून त्याने सांगितले’. मो. के. दामले यांच्या 1911 च्या शास्त्रीय व्याकरणापासून या अव्ययांना स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यये म्हणण्याची आणि त्यांनी जोडलेल्या वाक्यांची गणना नामवाक्यांत करण्याची पद्धत रूढ आहे. सातारा आणि सांगली हे जिल्हे या विषयात महत्त्वाचे ठरतात : एक तर वाई परिसरातील जुना पत्रव्यवहार अभ्यासकांच्या हाती आहे, आणि दुसरे म्हणजे मिरज-जतच्या बाजूला मराठी व कानडी शेकडो वर्षे शेजारी नांदत आल्या आहेत.

‘की’च्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार हे अव्यय संस्कृत ‘किम्’पासून आले आहे. जुन्या ग्रंथांत ते अनुस्वारासह ‘कीं’ असे लिहिलेले आढळते आणि विकल्प व प्रश्न दाखविणारा त्याचा उपयोग मराठीत आजही जिवंत आहे (‘चहा की कॉफी?’). ज्ञानेश्वरीत (शके 1212, म्हणजे इ. स. 1290) एकापुढे एक उपमा मांडताना ‘कीं’ येते, तेही ‘किंवा’ या अर्थाच्या जवळचे आहे. दुसऱ्या मतानुसार आशयवाक्य जोडणारे ‘की’ हे फार्सी ‘कि’ या अव्ययाचे मराठी रूप आहे. हिंदी-उर्दूतील ‘कि’ फार्सीतून आला हे सामान्यतः मान्य असल्यामुळे या मताला बळ मिळते. पहिल्या मताची अडचण अशी की विकल्पाच्या अर्थातून आशयवाक्य जोडण्याचे कार्य कसे निघाले हे त्यात उलगडत नाही. दुसऱ्याची अडचण अशी की मराठीत ‘कीं’ आधीपासूनच होते, त्यामुळे संपूर्ण शब्दच बाहेरून आला असे मानण्याचे कारण उरत नाही.

या वादात ‘जे’ या तिसऱ्या अव्ययाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. संबंधी सर्वनामातून निघालेले हे अव्यय जुन्या मराठीत आशयवाक्य जोडत असे. वाई, कऱ्हाड, मिरज हा मुलूख दीर्घकाळ विजापूरच्या आदिलशाहीखाली होता. त्या काळच्या मराठी कागदांचा मायना फार्सी वळणाचा असतो, ‘बिदानद’ (‘जाणावे’) असा फार्सी शब्दही त्यात येतो; पण मजकुराला सुरुवात होते ती ‘मालूम केले जे’ अशा शब्दांनी. म्हणजे फार्सीत जेथे ‘कि’ आले असते त्या जागी लेखकाने देशी ‘जे’ ठेवले आहे. मराठेशाहीतील ‘विज्ञापना ऐसीजे’ हा मायनाही त्याच घडणीचा आहे. पुढे बखरींत आणि पेशवाईतील पत्रांत ‘की’ वाढत जाते, आणि ‘जे’ हळूहळू मायन्यापुरते उरते. यावरून असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते की वाक्याची घडण देशी होती, ‘कीं’ हा शब्दही देशी होता, आणि फार्सी ‘कि’शी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे त्याने ‘जे’ची जागा घेतली. हा बदल साधारणपणे सतराव्या-अठराव्या शतकांत स्थिरावला असावा.

वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील पत्रे वाईत सापडलेली आहेत. त्या काळच्या पत्रव्यवहारात म्हणून-वाक्याचा एक ठरीव उपयोग दिसतो. आलेल्या पत्रातील मजकूर उत्तरात आधी जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, तो संपला की ‘म्हणोन लिहिले’ असे म्हणायचे आणि ‘त्यास’ या शब्दाने आपले उत्तर सुरू करायचे. अवतरणचिन्हे नसलेल्या मोडी लेखनात दुसऱ्याचे बोलणे कोठे संपले हे ‘म्हणोन’ या एकाच शब्दावरून कळते. या अव्ययाचे मूळ कार्य इतके स्पष्ट दाखविणारा दुसरा पुरावा क्वचितच मिळेल.

‘म्हणून’ हे ‘म्हणणे’ या धातूचे पूर्वकालवाचक रूप आहे, आणि त्या धातूचे मूळ संस्कृत ‘भण्’मध्ये आहे, याबद्दल वाद नाही. महानुभाव गद्यात आणि ज्ञानेश्वरीत ते ‘म्हणौनि’ असे येते. वाद आहे तो वाक्यरचनेबद्दल. कानडीत ‘एन्नु’ या बोलण्याच्या धातूपासून ‘एंदु’ आणि बोलीत ‘अंत’ झाले, आणि ‘बर्तीनि अंत हेळिद’ हे कानडी वाक्य ‘येतो म्हणून सांगितलं’ या मराठी वाक्याशी शब्दाला शब्द जुळते. या साम्यामुळे मराठी रचना कानडीवरून घडली असे काहींनी मानले. भाषाशास्त्रज्ञ एफ. बी. जे. काउपर यांनी 1967 मध्ये हा प्रश्न आणखी मागे नेला : आशयवाक्यानंतर येणारा संस्कृतातील ‘इति’ हाच द्राविड संपर्काचा परिणाम असावा, असे त्यांनी सुचविले. हान्स हेनरिख हॉक यांनी 1982 मध्ये संस्कृत अवतरणवाक्याची तपासणी करून या अनुमानाबद्दल शंका घेतली. येथे नेपाळीचा दाखला विचारात घ्यावा लागतो. नेपाळीतील ‘भनेर’ हे त्याच ‘भण्’पासून निघालेले आहे आणि तेच कार्य करते, पण तिचा कानडीशी शेजार नाही. बंगालीतील ‘बोले’ही बोलण्याच्या धातूपासूनच आले आहे. तेव्हा म्हणून-वाक्य मराठीला कानडीने दिले असे म्हणण्यापेक्षा, मुळात असलेली रचना कानडीच्या शेजारात अधिक टिकली आणि अधिक वापरली गेली, असे म्हणणे सुरक्षित होय.

या शेजाराचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास सांगली जिल्ह्यातलाच आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा-अभ्यासकांनी 1971 मध्ये ‘कुपवार’ या गावातील कानडी, मराठी, उर्दू व तेलुगू या भाषांचे वर्णन केले. हे गाव म्हणजे आजचे कुपवाड असे सामान्यतः मानले जाते. तेथील भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेत जागच्या जागी शब्द बदलून सांगता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या फेरअभ्यासात हे चित्र थोडे अतिव्याप्त ठरविले गेले आहे. दक्खिनी उर्दूत ‘कि’ उपलब्ध असताना ‘बोलके’ हा वाक्यानंतर येणारा शब्द रुळला, ही गोष्ट मात्र या प्रदेशाचा कल कोणत्या बाजूला आहे हे पुरेसे सांगते.

बोलण्यात दोन्ही प्रकारांत मूळ वक्त्याचे पुरुष व काळ बहुधा कायम राहतात. ‘टोळी उद्या आणतो म्हणून मुकादमानं सांगावा धाडलाय’ या वाक्यात ‘आणतो’चा कर्ता मुकादम आहे, बोलणारा शेतकरी नव्हे, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही अडत नाही. इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वुड कम’ असे म्हणताना पुरुष व काळ दोन्ही सांगणाऱ्याच्या बाजूने बदलतात. त्या वळणाने लिहिलेले ‘त्याने सांगितले की तो येईल’ हे वाक्य वृत्तपत्रांत आता नित्याचे झाले आहे, पण त्यातील ‘तो’ नेमका कोण हे संदर्भावाचून कळत नाही. ‘मी येईन, असे त्याने सांगितले’ ही रचना येथे निःसंशय अधिक नेमकी आहे. इंग्रजी ‘दॅट’ हे दर्शक सर्वनामातून आले आहे, त्यामुळे घडणीच्या दृष्टीने ते ‘की’पेक्षा ‘जे’ आणि ‘असे’ यांना जवळचे आहे. ‘थिंक’, ‘नो’, ‘शुअर’, ‘ग्लॅड’ यांच्यानंतर बोलताना ते सर्रास गळते. मराठीतही ‘मला वाटतं पाऊस येईल’ यात ‘की’ गळतो. म्हणून-वाक्यातील ‘म्हणून’ मात्र सहसा गाळता येत नाही.

विशेषणांबरोबर म्हणून-वाक्य क्वचितच येते. ‘बरे’, ‘खरे’, ‘उघड’ यांच्याआधी आशयवाक्य ठेवून त्याला ‘ते’ किंवा ‘हे’ या सर्वनामाने उचलून धरण्याची रीत आहे : ‘तू आलास ते बरं झालं’, ‘पाणी कमी पडणार हे उघड आहे’. आनंद, खात्री, भीती ही नामे असतील तर सर्वनाम विभक्ती घेते : ‘तू आलास याचा आनंद आहे’. ‘मला आनंद आहे की’ ही मांडणी व्यासपीठावरील भाषणांतून आणि भाषांतरांतून पसरली असावी.

सातारा-सांगलीच्या बोलीत वाक्याच्या शेवटी आग्रह दाखविणारा ‘की’ फार ऐकू येतो (‘बस की’, ‘चला की’). काही जण त्याला अपुऱ्या राहिलेल्या की-वाक्याचा अवशेष मानतात, पण प्रश्नवाचक ‘की’शी त्याचे नाते अधिक संभवनीय आहे. ऐकीव माहिती दाखविणारे ‘म्हणे’ (‘सोसायटीचं कर्ज माफ झालं म्हणे’) हे ‘म्हणून’चेच भावंड आहे, फरक इतकाच की त्यात सांगणारा कोण हे उघड केले जात नाही.