नॅशव्हिल साउंड आणि बेकर्सफील्ड साउंड: एकाच पाटीखालचे दोन बाज

आपल्याकडे जुनं कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण मुळाचं लोकप्रिय संगीत, म्हटलं की पहिलं नाव गायक जिम रीव्ह्जचं. गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत त्याच्या तबकड्या जपून ठेवलेल्या असत. त्याची नाताळची गाणी तर डिसेंबरात आजही कानावर येतात. त्यामुळे कंट्री म्हणजे मखमली खर्ज, मागे व्हायोलिनं आणि हळुवार कोरस, अशी अनेकांची समजूत झालीय. मग कुणीतरी बक ओवेन्स या गायकाची तबकडी लावतो. गिटार खणखणते, ड्रम्स पुढे सरसावतात आणि ऐकणारा म्हणतो, "हे कसलं कंट्री, हे तर रॉक अँड रोल!" दुसरीकडे ऑनलाइन याद्यांमध्ये 'क्लासिक कंट्री' या पाटीखाली पॅट्सी क्लाइन आणि मर्ल हॅगर्ड हे गायक एकामागोमाग वाजतात आणि सगळा माल नॅशव्हिलचा म्हणून खपून जातो.

खरं तर हे दोन वेगळे बाज: नॅशव्हिल साउंड आणि बेकर्सफील्ड साउंड. काळ जवळपास एकच, 1957 ते 1970 च्या आसपासचा. पण गावं दोन आणि त्यांच्यात तीनेक हजार किलोमीटरचं अंतर: टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल आणि कॅलिफोर्नियातलं बेकर्सफील्ड.

दोन्हींच्या मुळाशी आहे 1956 सालचा दणका. रॉक अँड रोल घेऊन एल्विस प्रेस्ली आला आणि तरुण गिऱ्हाईक कंट्रीकडे पाठ फिरवून निघून गेलं. गंमत अशी की ज्या 'हार्टब्रेक हॉटेल'ने हा धुरळा उडवला ते नॅशव्हिलमध्येच रेकॉर्ड झालं होतं, आणि त्यात गिटारला होता चेट अ‍ॅटकिन्स. पुढे आरसीए कंपनीसाठी कंट्रीला सावरायची जबाबदारी ह्याच माणसावर आली. डेक्का कंपनीत तेच काम ओवेन ब्रॅडलीकडे होतं.

दोघांनी विचार केला तो सरळ होता: पोरं गेली तर त्यांच्या आईबापांना धरा. शहरातल्या दिवाणखान्यात चालेल असं कंट्री बनवा. मग गावठी वाटणारं फिडल (लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिनच) आणि तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवायची रडवेली स्टील गिटार बाजूला झाली किंवा पार मागे गेली. त्या जागी व्हायोलिनांचा ताफा आला. अनिटा कर सिंगर्स किंवा जॉर्डनेअर्सचा कोरस आला. फ्लॉइड क्रेमरचा पियानो आला. क्रेमर शेजारच्या स्वराला निसटता स्पर्श करून मूळ स्वरावर उतरतो, आपल्याकडे कणस्वर लावतात तसा. 1960 च्या त्याच्या 'लास्ट डेट'मध्ये ही लकब उघडीवाघडी ऐकायला मिळते.

वादकही ठरलेले, मूठभर. त्यांना 'ए-टीम' म्हणत. तीन तासांच्या बैठकीत चार गाणी उरकायची हा रिवाज. स्वरलिपीऐवजी कागदावर कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरगटांचे) नुसते आकडे मांडलेले असत, म्हणजे गायकाची पट्टी ऐन वेळी बदलली तरी कागद तोच. अ‍ॅटकिन्सला कुणी विचारलं, हा नॅशव्हिल साउंड म्हणजे नेमकं काय, तर तो खिशातली नाणी खुळखुळवून दाखवायचा, असं सांगतात.

जिम रीव्ह्जचं 'ही'ल हॅव टु गो' कानाशी धरून ऐका. हे 1959 च्या अखेरीस आलेलं गाणं. बारमधून एक माणूस प्रेयसीला फोन करतोय आणि तिच्याजवळ दुसराच कुणी आहे. संतापायला हरकत नव्हती. पण रीव्ह्ज ओठ माइकला जवळजवळ टेकवून, आवाज खाली ठेवून बोलल्यासारखा गातो. मागे व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचे हलके टोल आणि पियानो. फिडल नाही, स्टील गिटार नाही. गाणं कंट्रीच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलंच, पॉपच्या यादीतही दुसऱ्या क्रमांकावर गेलं. सगळा खटाटोप याचसाठी होता.

पॅट्सी क्लाइनच्या 'क्रेझी'ची कथा याहून खास. गाणं लिहिलं होतं विली नेल्सनने, तेव्हा तो धडपडणारा नवखा होता. 1961 च्या जूनमध्ये पॅट्सीला मोठा मोटार अपघात झाला. ऑगस्टमध्ये ब्रॅडलीच्या स्टुडिओत उभी राहिली तर बरगड्यांच्या दुखण्यापायी वरचे स्वर लागेनात. ब्रॅडलीने वाद्यांचा साज रेकॉर्ड करून ठेवला आणि आवाज काही आठवड्यांनी त्यावर चढवला. आज ऐकताना जोड शोधून सापडत नाही. मला विचाराल तर या घराण्याचं सर्वोत्तम गाणं हेच. व्हायोलिनांच्या पुरात बुडून गेलेली बाकीची कित्येक गाणी एकदा ऐकून सोडून द्यावी अशी आहेत.

आता बेकर्सफील्ड. तेलविहिरी आणि कापसाची शेतं असलेला हा भाग. 1930 च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, अर्कान्सा इथून धुळीच्या वादळांनी आणि मंदीने उठवलेली कुटुंबं इथे मजुरीला आली. 'ओकी' म्हणून त्यांना हिणवलं जाई. मर्ल हॅगर्ड अशाच घरातला. त्याचा जन्म 1937 साली शेजारच्या ऑइलडेलमध्ये, आणि घर म्हणजे रेल्वेच्या जुन्या डब्याचं केलेलं घर. बक ओवेन्स टेक्सासचा, 1951 मध्ये तो बेकर्सफील्डला येऊन स्थिरावला.

इथलं संगीत घडलं 'ब्लॅकबोर्ड'सारख्या दारूच्या अड्ड्यांवर. शंभर माणसं नाचतायत, ग्लास आपटतायत, मधूनच मारामारी. त्या गलक्यात व्हायोलिन कोण ऐकणार? म्हणून फेंडर टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार, तीही तार कापल्यासारख्या धारदार आवाजात. ठेका मालगाडीसारखा न थांबणारा. आणि वादक स्टुडिओतले भाड्याचे नाहीत. रोज रात्री ज्यांच्याबरोबर वाजवायचं तेच साथीदार रेकॉर्डिंगलाही. ओवेन्सच्या 'बकरूज' या साथीदारांच्या संचातला डॉन रिच गिटार तर वाजवायचाच, शिवाय ओवेन्सच्या वरच्या पट्टीत दुसरा आवाज लावायचा. हे दोन आवाज एकमेकांना इतके चिकटून चालतात की बेकर्सफील्डची खूण म्हणून तेवढंही पुरतं.

ओवेन्सला आपली गाणी कशावर ऐकली जातात याचं पक्कं भान होतं: मोटारीतल्या एएम रेडिओच्या छोट्या स्पीकरवर. म्हणून त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये वरचे स्वर मुद्दाम टोकदार ठेवलेले असत. 1963 चं 'अ‍ॅक्ट नॅचरली' हे त्याचं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं. दोनच वर्षांनी बीटल्सनी ते उचललं, गायला रिंगो स्टार.

स्टील गिटार आहे की नाही, एवढ्यावरून निकाल देऊ नका मात्र. ती नॅशव्हिलमधूनही पूर्ण हद्दपार झाली नव्हती. फरक तिला दिलेल्या जागेचा. ओवेन्सच्या 1964 च्या 'टुगेदर अगेन'मध्ये टॉम ब्रमलीची स्टील गिटार मधल्या तुकड्यात अख्खं गाणं ताब्यात घेते. नॅशव्हिलमध्ये तो तुकडा पियानोला किंवा व्हायोलिनांना मिळाला असता.

आता एक लाडकी कथा: नॅशव्हिल म्हणजे धंदेवाईक आणि बेकर्सफील्ड म्हणजे अस्सल मातीतलं. ओवेन्सने स्वतः तिला खतपाणी घातलं. 1965 मध्ये जाहीर शपथच छापली, की कंट्री नसलेलं गाणं मी गाणार नाही. पण हाच गृहस्थ 1956 साली कॉर्की जोन्स हे नाव घेऊन रॉकाबिली, म्हणजे कंट्रीच्या वळणाचं रॉक अँड रोल, गाऊन बसला होता, आणि त्याचा जोरकस ठेका कुठून आला हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. शिवाय त्याची गाजलेली रेकॉर्डिंगं बेकर्सफील्डमध्ये झालीच नाहीत. ती झाली हॉलीवूडमध्ये, कॅपिटॉल कंपनीच्या स्टुडिओत, केन नेल्सन या निर्मात्याच्या हाताखाली. रॉक अँड रोलचा दणका दोघांनीही खाल्ला; एकाने त्याच्यापासून अंतर राखलं, दुसऱ्याने त्याचीच वीज उसनी घेतली.

गीतकारांकडे पाहिलं तर भिंत आणखी पातळ होते. हार्लन हॉवर्ड हे नाव बघा. पॅट्सी क्लाइनच्या 'आय फॉल टु पीसेस'वर हँक कॉक्रनच्या जोडीला तो, आणि ओवेन्सच्या 'आय'व्ह गॉट अ टायगर बाय द टेल'वर ओवेन्सच्या जोडीलाही तोच. कागदावर दोन्ही सरळ, साधी, चार कॉर्डांत बसणारी गाणी. बाज ठरला तो स्टुडिओत. आणि 1969 पासून ओवेन्स ज्या 'ही हॉ' या टीव्ही कार्यक्रमाचा यजमान झाला, त्याचं चित्रीकरण व्हायचं चक्क नॅशव्हिलमध्ये.

हॅगर्ड मात्र दोन्हीकडच्या फॅशनपासून थोडा दूरच राहिला. तरुणपणी घरफोडीच्या प्रयत्नापायी त्याने सान क्वेंटिनच्या तुरुंगात वर्षं काढली, तिथे जॉनी कॅशचा कार्यक्रम कैद्यांत बसून ऐकला, आणि 1968 मध्ये 'मामा ट्राइड' गायला. त्यातला तुरुंग ऐकीव नाही, एवढं तर लगेच कळतं.

राहता राहिला खुद्द कॅश. त्याला या दोन खणांपैकी कशात घालायचं? कशातच नाही. तो आला मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समधून, सुरुवातीला ड्रमर नसलेल्या अवघ्या तिघांच्या साजावर, आणि ती तिसरी गोष्ट आहे.