बेल्टची गाडी की चेनची?

जुनी छोटी गाडी घ्यायला निघालेला माणूस रंग बघतो, टायर बघतो, किलोमीटर विचारतो. इंजिनातले व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, वेळेवर उघडायला-मिटायला लावणारा टायमिंग बेल्ट आहे की टायमिंग चेन, हे क्वचितच कुणी विचारतं. आणि विचारलं तरी उत्तर बरेचदा चुकीचं मिळतं, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाड्यांत आतली व्यवस्था वेगळी असते.

ऑल्टोचंच बघा. ऑल्टो ८०० मध्ये ७९६ सीसीचं एफ८डी इंजिन आहे. तीन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी, आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवायला रबरी टायमिंग बेल्ट. २०१० साली आलेल्या ऑल्टो के१० मध्ये ९९८ सीसीचं के१०बी. तेही तीन सिलिंडरचंच, बोअर ७३ आणि स्ट्रोक ७९.५ मिमी, पण इथे चेन. मागचा बिल्ला काढलेला असेल तर आरसी उघडा आणि सीसीचा आकडा वाचा: ७९६ म्हणजे बेल्ट, ९९८ म्हणजे चेन. वॅगन आरमध्ये १०६१ सीसीचं जुनं इंजिन बेल्टवर चालतं. एफ८डीच्याच मापाचा एक सिलिंडर वाढवला की बरोबर १०६१ भरतात, घराणं एकच. २०१० नंतरचं ९९८ सीसीचं मात्र चेनवर. ह्युंदाईच्या आय१०लाही हेच लागू: १०८६ सीसीला बेल्ट, ११९७ सीसीच्या कप्पा इंजिनाला चेन. म्हणून ‘ऑल्टोला बेल्ट असतो’ किंवा ‘आय१०ला चेन असते’ अशी वाक्यं अर्धवटच. गाडीचं नाव सोडा, इंजिन विचारा.

बेल्ट आणि चेन, दोघांचं काम एकच. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन वेळा फिरला की कॅम एकदा फिरला पाहिजे, आणि तोही नेमक्या ठरलेल्या क्षणी. गाडी ३००० आरपीएमवर चालली असेल तर क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. एवढ्या घाईत बेल्ट किंवा चेन आपल्या दातेरी चाकावर एक दात जरी सरकली, तरी पिकअप जातो आणि इंजिन थरथरायला लागतं.

खरा फरक तेलाचा आहे, आणि देखभाल सगळी त्यावरून ठरते. या इंजिनांतला बेल्ट कोरडा चालतो. इंजिनाच्या एका बाजूला, प्लास्टिकच्या कव्हरमागे, तेलाशी संबंध नसलेला. उलट कॅमच्या किंवा क्रँकच्या, तेल अडवणाऱ्या सीलमधून तेल गळून बेल्टवर आलं तर रबर फुगतं, मऊ पडतं. चेन मात्र इंजिनाच्या पोटात असते आणि इंजिन ऑइलवरच जगते. तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक ठिकाणी तेलाच्याच दाबावर चालतो. (तेलात भिजून चालणारा बेल्टही असतो. इकोस्पोर्टच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात तो होता. त्याचे नियम वेगळे, इथल्या तुलनेत तो धरू नका.)

बेल्ट सहसा आधी सांगत नाही, हे मी खंबाटकीच्या चढावर शिकलो. आमची जुनी, बेल्टवाली छोटी गाडी, साताऱ्याकडे निघालेलो. ना धक्का, ना आवाज, अॅक्सिलरेटर दाबलेला असताना इंजिन एकदम गप्प. सेल्फ मारला तर एरवी अडखळत फिरणारं इंजिन भुर्रकन मोकळंच फिरलं. व्हॉल्व्ह हलतच नव्हते, मग कॉम्प्रेशन येणार कुठून? फिटरने वरचं कव्हर काढून पट्टा दाखवला. तुटला नव्हता, पण दोन बोटं लांबीत त्याचे दात साफ उडाले होते आणि तेवढी जागा हाताला गुळगुळीत लागत होती. पिस्टनने व्हॉल्व्ह वाकवले होते, हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागलं. सगळ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही, पण पोहोचतो तिथे असंच होतं.

आधीच्या मालकाने मला बिल दिलं होतं, त्यावर ‘बेल्ट बदलला’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तो होता अल्टरनेटरचा पट्टा. गॅरेजात त्याला अजूनही फॅन बेल्ट म्हणतात, जरी आता पंखा विजेच्या मोटरवर फिरत असला तरी. हा पट्टा तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, बाजूला घ्यायला वेळ मिळतो. टायमिंग बेल्ट गेला की इंजिन तिथेच थांबतं. म्हणून बिलावर ‘टायमिंग’ हा शब्द आणि त्यापुढे टेन्शनरचा उल्लेख असल्याशिवाय मी आता विश्वास ठेवत नाही. जुन्या टेन्शनरवर नवा बेल्ट बसवणं म्हणजे अर्धं काम.

बेल्टची मुदत मॅन्युअलमध्ये किलोमीटरमध्ये असते आणि वर्षांचंही बघावं लागतं. दहा वर्षांत जेमतेम तीस हजार चाललेली आजोबांची गाडी लोक हौसेने घेतात. किलोमीटर कमी आहेत हे खरं, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

आता चेन. ‘लाइफटाइम आहे, हात लावायची गरज नाही’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्याचा राग येतो. चेनला बदलायची ठरलेली तारीख नसते एवढंच त्यात खरं. तेल जळकं, काळं, कमी झालं की चेनच्या पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक कडीत केसभर ढील येते आणि सगळ्या कड्यांची मिळून चेन लांबते. छोट्या इंजिनात तेल मावतं तीन लिटरच्या आसपास. त्यातलं लिटरभर उडालं तर उरलं किती? दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा तेल बदला. रोज दोन किलोमीटरवर दुकानात जाऊन परत येणारी गाडी असेल तर त्याहूनही आधी, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि तेलात ओल व पेट्रोल साचत जातं.

एक मात्र चेनच्या बाजूने: ती बहुधा बोलते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा, बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड आली आणि तेलाचा दाब चढल्यावर थांबली, तर टेन्शनर किंवा चेन थकली आहे. हे दुर्लक्षिलं तर पुढचं काम मोठं. बेल्ट बाजूने, वरच्यावर बदलता येतो. चेनसाठी पुढचं कव्हर उतरतं, अनेकदा खालचं तेलाचं चेंबरही, शिवाय चेनला सरळ धरणारे गाइड आणि टेन्शनर नवे लागतात.

विकणारा ‘तुम्ही याल म्हणून गाडी गरम करून ठेवली’ म्हणाला, तर चेनच्या गाडीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. आणि थंड इंजिनाचं तेलाचं झाकण उघडून आत बोट फिरवा, काळा चिकट गाळ बोटाला लागला तर किंमत विचारूच नका.