गच्चीवरचं सोलर: पाणी तापवणारं की वीज बनवणारं?

सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘गच्चीवर सोलर बसवू या’ असा विषय निघाला, की अर्ध्या लोकांना काचेच्या नळ्या आणि त्यावरची टाकी आठवते, उरलेल्यांना काळे-निळे पॅनल. ठाण्यात हा घोळ जास्तच होतो. महापालिकेने नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटर सक्तीचा केला, त्यामुळे ‘आमच्याकडे सोलर आहेच की, मग बिल का येतं?’ असं विचारणारे भेटतात. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट मिळायला हवं.

हीटरमध्ये वीज तयारच होत नाही. नळीतलं पाणी उन्हाने तापतं, हलकं होऊन टाकीत चढतं आणि गार पाणी खाली येतं. वाचते ती फक्त गिझरची वीज. पण ती थोडीथोडकी नसते. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला गिझरला ४ युनिटहून थोडी जास्तच वीज लागते. १ किलोवॉटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिटच बनवतात आणि त्यांना जवळपास १०० चौरस फूट जागा लागते. तेवढं पाणी तापवणारा हीटर मात्र त्या जागेच्या एका कोपऱ्यात मावतो. पॅनल उन्हाचा साधारण पाचवा हिस्साच विजेत बदलतात, म्हणून आधी वीज बनवायची आणि मग तिच्यावर पाणी तापवायचं, हा लांबचा रस्ता झाला. नेरूळ-वाशीच्या रो-हाऊसमध्ये गच्ची स्वतःची असेल आणि घरात पाच-सहा माणसं असतील, तर मी आधी हीटरच सुचवेन.

मात्र मे महिन्यात गरम पाणी हवंय कोणाला? टाकीत तापलेलं जास्तीचं पाणी महावितरणला विकता येत नाही. पॅनलचं बळ इथेच आहे. मार्च ते मे ऊन कडक असतं आणि एसीही तेव्हाच चालतो. दुपारी उरलेली वीज नेट मीटरमधून (आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही वीज मोजणारं मीटर) बाहेर जाते आणि ती युनिटं बिलात वळती होतात, उरली तर पुढच्या महिन्यात जमा धरली जातात. बिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, त्यामुळे पहिल्यांदा कापली जातात ती वरच्या टप्प्यातली महागडी युनिटं. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. पावसाळ्यात दोन्हींचं काम मंदावतं.

सभेत खरी वादावादी होते ती फायदा कोणाला, यावरून. सोसायटीच्या पॅनलची वीज सहसा सामाईक मीटरला जोडतात: लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. म्हणजे उतरतो तो मेंटेनन्समधला विजेचा खर्च, तुमच्या फ्लॅटचं बिल तसंच राहतं. फ्लॅटचं बिल हीटर कमी करतो, तेही गरम पाण्याची पाइपलाइन तुमच्या बाथरूमपर्यंत आली असेल तरच. उंच टॉवरमध्ये ती बहुधा वरच्या काही मजल्यांपुरतीच असते.

२०२४च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचं अनुदान फक्त पॅनलला आहे. स्वतंत्र घराला २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये, ३ किलोवॉट आणि त्यापुढे एकूण ७८,०००. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॉटला १८,०००.

आणखी एक गैरसमज. वीज गेली की बॅटरी नसलेले नेट मीटरवाले पॅनलही बंद पडतात. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये, म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. हीटरच्या टाकीतलं पाणी मात्र गरमच राहतं.

घोडबंदर रोडच्या टँकरवर चालणाऱ्या इमारतींत बोअरचं जड पाणी येत असेल, तर नळ्यांत क्षार साचून हीटर निकामी होतो आणि मग ‘हा काढा, पॅनल बसवा’ अशी मागणी होते. आधी नळ्या साफ करून पाहा, फुटलेल्या बदलून घ्या. पॅनलचा निर्णय घ्यायचाच असेल, तर लिफ्टच्या खोलीची आणि पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरमध्ये, ती सर्वांत लांब असताना, खडूने आखून घ्या. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी जोडणीनुसार पूर्ण रांगेची वीज घटू शकते.