टॉमी जॉनचे कोपर आणि पिचरचे पुनरागमन

१६ जून २०२५ रोजी बेसबॉलपटू शोहेई ओहतानी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर पुन्हा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, म्हणून उतरला. सॅन डिएगो पाद्रेसविरुद्ध त्याने टाकली अवघी एक इनिंग, म्हणजे सामन्याच्या नऊ डावांपैकी एक. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या कोपरावर दुसऱ्यांदा मोठी शस्त्रक्रिया झाली होती. २०२४ चा अख्खा मोसम तो नुसती फलंदाजी करत राहिला. असे परतणे आज शक्य कोटीतले वाटते. पन्नास वर्षांपूर्वी तसे नव्हते.

क्रिकेटमध्ये गोलंदाजाचे कोपर १५ अंशांहून जास्त सरळ झाले तर चेंडू अवैध ठरतो. पिचरचा हात मात्र वाकलेल्या कोपरातूनच झटक्याने सुटतो. त्या वेळी कोपराची आतली बाजू फाकू पाहते आणि तिला धरून ठेवते ते एक छोटेसे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा. ते तुटले की पिचर घरी बसत असे. कोपराच्या इतर दुखण्यांनाही इंजेक्शन आणि विश्रांती यांपलीकडे फारसा इलाज नव्हता. बेसबॉलमध्ये विजय-पराजय पिचरच्याही नावावर लागतात; १९६६ मध्ये असे २७ सामने जिंकलेल्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या सँडी कूफॅक्सने त्याच वर्षी कोपराच्या संधिवातापायी खेळ सोडला, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी.

१७ जुलै १९७४ रोजी डॉजर्सचाच डावखुरा पिचर टॉमी जॉन याचे लिगामेंट गेले. त्या मोसमात तो १३ सामने जिंकून, फक्त तीन हरून बसला होता. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला एक नवाच प्रयोग केला. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित आत वाकवा; बहुतेकांच्या मनगटावर मधोमध एक दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन, ताठ उभी राहते. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यांचे काही अडतही नाही. जॉनच्या उजव्या हातातला हा टेंडन काढून जोब यांनी तो डाव्या कोपराच्या हाडांत भोके पाडून ओवला. पुन्हा पिचिंग करता येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती.

पुढचे दिवस कठीण गेले. कोपराजवळची नस दुखावली, बोटे आखडली, डिसेंबरमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा मोसम पूर्ण बुडाला. १६ एप्रिल १९७६ रोजी तो अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध परतला आणि १९८९ पर्यंत, ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. खेळाच्या इतिहासात याच्या तोडीचे पुनरागमन मला तरी दिसत नाही. जोब मात्र सावध राहिले. १९८६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह १६ खेळाडूंचे निष्कर्ष मांडले: पूर्वीच्या पातळीवर दहा जण परतले होते.

तंत्र तेव्हापासून खूप सुधारले, पण प्रतीक्षा टळलेली नाही. ओवलेल्या टेंडनमध्ये रक्तवाहिन्या शिरायला, त्याचे लिगामेंटासारखे काम सुरू व्हायला महिने जातात. म्हणून वर्ष-दीड वर्ष धीर धरावाच लागतो. शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा वेगवान होतो, हा समज अमेरिकेत पालकांमध्येही पसरला आणि तो घातक आहे. वाढणारा वेग दिसतो तो बहुधा त्या काळातल्या व्यायामाचा आणि विश्रांतीचा. शाळकरी मुलांवरच्या शस्त्रक्रिया वाढत गेल्यावर २०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉल ही व्यावसायिक लीग आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी वयानुसार फेकींची मर्यादा सुचवली: नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि वर्षातले निदान चार महिने पिचिंग बंद ठेवावे.