कबुतराचं दूध, चिमणीची अळी

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, एसीच्या पेटीमागे, कबुतरांनी पुन्हा संसार मांडलाय. घरटं कसलं, खराट्याच्या सात-आठ हिरा आणि वायरचा एक तुकडा! त्यावर दोन पांढरी अंडी. मागची पिल्लं उडून आठवडाही झाला नव्हता. आई म्हणाली, "हिला बाळंतपणाचा कंटाळा कसा येत नाही गं?"

प्रश्न थट्टेचा, पण त्याला उत्तर आहे. दाणे टिपणारे बहुतेक पक्षी पिल्लांना मात्र अळ्या-किडे भरवतात, कारण वाढत्या अंगाला लागणारी प्रथिनं नुसत्या दाण्यांतून पुरत नाहीत. कबुतराचं तिथे अडत नाही. त्याच्या गळ्याखाली धान्य साठवायची पिशवी असते. अंडी फुटायच्या सुमारास तिच्या अस्तरातल्या पेशी चरबीने आणि प्रथिनांनी भरतात, सुटतात आणि पनीरच्या चुऱ्यासारखं काहीतरी तयार होतं. त्यालाच कबुतराचं दूध म्हणतात. पिल्लाचे पहिले काही दिवस निव्वळ त्यावर निघतात. यामागचं संप्रेरक प्रोलॅक्टिन, म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारंच. गंमत म्हणजे हे दूध नरालाही येतं. (हे ऐकून आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर वर केला.)

थोडक्यात, कुणीतरी रोज मूठभर ज्वारी टाकली की झालं, बारा महिने पिल्लं निघतात. त्यात हा मुळात कडेकपारीतला पक्षी. आमची अकरा मजल्यांची इमारत त्याच्या लेखी कडाच.

या जागी आमचा वाडा होता तेव्हा राज्य चिमण्यांचं होतं. कौलांखाली, तुळईच्या फटीत, देवाच्या तसबिरीमागे घरटी. आजी ओसरीवर सूप घेऊन बसली की हातभर अंतरावर उतरायच्या. कणी आणि किडका दाणा त्यांचा, हे ठरलेलंच होतं. आता तांदूळ निवडूनच येतो आणि भिंतींना फट म्हणून नाही.

ही सोयरीक शेतीइतकी जुनी असावी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरचिमणीच्या जनुकांची तुलना तिच्याच रानटी भाऊबंदांशी केली होती. ही रानटी उपजात माणसापासून लांब राहते, मध्य आशियात वीण करते आणि हिवाळ्यात इकडे उतरते. दोघींत फरक सापडला तो कवटीच्या ठेवणीशी आणि पिष्ट पचवण्याशी संबंधित जनुकांमध्ये. शेती आल्यावर पिष्ट पचवण्याच्या बाबतीत माणसात आणि कुत्र्यातही असेच बदल झाले. आपण भाकरी खायला लागलो आणि तीही आपल्या पंगतीला बसली.

चिमण्या संपल्या असं सर्रास म्हटलं जातं, तेवढं खरं नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 2020 चा अहवाल सांगतो की देशभरात त्यांची संख्या साधारण टिकून आहे, मोठ्या महानगरांत मात्र घटत गेली आहे. मोबाइल टॉवरवर खापर फोडणं सोपं, पण त्याला भक्कम पुरावा नाही. मला विचाराल तर संशयाची सुई आधी फटी बुजवणाऱ्या गिलाव्याकडे आणि मग औषधाच्या फवाऱ्याकडे वळायला हवी. मोठी चिमणी आपल्या कण्यांवर निभावून नेईल. तिचं पिल्लू नाही.

गेल्या महिन्यात खालच्या मीटरच्या पेटीत चिवचिव ऐकू आली. वायरी आत जातात त्या भोकातून एक चिमणी आत-बाहेर करत होती. गळ्यावर काळा डाग असलेला चिमणा होता जवळच, गजावर. तिच्या चोचीत काय आहे ते बघायला मी जिन्यात अर्धा तास बसले. पोळीचा तुकडा नव्हता, भात नव्हता. हिरवी, मऊ, वळवळणारी अळी होती. पुढच्या खेपेला ती थेट आमच्या जास्वंदीवर गेली. आई ज्या माव्याला महिनाभर शिव्या घालत होती, तो टिपून पुन्हा पेटीत.

वर आले तेव्हा आई बाटलीत निंबोळीचं तेल कालवत होती. तिला सांगितलं, पिल्लं पंधरवड्यात उडतील.

बाटली सिंकखाली गेली. जास्वंद अजून चिकट आहे.