प्रतिकृतींनाही वय असते : वाफेच्या जुन्या इंजिनांच्या पुनर्निर्मितीची पार्श्वभूमी

जुन्या वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती बहुतेक वेळा एखाद्या शताब्दीच्या किंवा दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने घडवल्या गेल्या, आणि सोहळा आटोपल्यावर त्यांचे काय करायचे हा प्रश्न पुढच्या पिढीच्या गळ्यात पडला. मूळ इंजिन संग्रहालयात गेले की सहसा ते पुन्हा पेटवले जात नाही. प्रतिकृतीच्या वाट्याला असा आराम क्वचितच येतो. तिने चालावे, झिजावे आणि दुरुस्त व्हावे यासाठीच ती असते. मग ती जळाली किंवा निकामी झाली, तर दुरुस्तीचे प्रमाण कोणते मानायचे, मूळ इंजिनाचे की तिचे स्वतःचे?

ही अडचण सुरू होते ती मूळ इंजिने भंगारात गेल्यामुळे. इंग्लंडच्या पश्चिम भागात ७ फूट पाव इंच रुंदीच्या रुळांवर धावलेल्या ‘नॉर्थ स्टार’ आणि ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ या दोन इंजिनांना निवृत्तीनंतर स्विंडनच्या कारखान्यात जतन करून ठेवले होते. कारखान्यातली जागा अडते या कारणावरून १९०६ साली दोन्ही मोडीत काढण्यात आली. ज्यांनी हा निर्णय घेतला ते त्या काळातले अत्यंत कर्तबगार अभियंते होते आणि कारखान्यात नव्या इंजिनांचे काम जोरात सुरू होते, हे मान्य केले तरी निर्णयाचे समर्थन होत नाही. १९२५ मध्ये सार्वजनिक वाफेच्या रेल्वेची शताब्दी आली, तेव्हा त्याच कारखान्याने ‘नॉर्थ स्टार’ पुन्हा उभी केली आणि मोडतोडीतून उरलेले काही मूळ भाग तिच्यात बसवले. ही प्रतिकृती स्वतःच्या बळावर चालत नाही. एकोणीस वर्षे कळ काढली असती, तर ती बांधावीच लागली नसती.

जर्मनीतील ‘आडलर’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि तिच्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. न्यूकॅसलमध्ये तयार झालेले हे इंजिन डिसेंबर १८३५ मध्ये न्यूरेंबर्ग–फ्यूर्त मार्गावर धावले आणि दोन दशकांहून थोड्या अधिक काळाच्या सेवेनंतर विकले गेले. १९३५ च्या शताब्दीसाठी त्याची चालती प्रतिकृती बांधण्यात आली. नेमके आराखडे हाती नसल्यामुळे जुनी चित्रे आणि समकालीन इंजिनांची माहिती यांवर भिस्त ठेवावी लागली. सोहळ्यावर तेव्हाच्या नाझी राजवटीच्या प्रचाराची छाया होती, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. पुढे १९५० च्या दशकात आणखी एक प्रतिकृती झाली, पण ती केवळ प्रदर्शनासाठी होती.

१७ ऑक्टोबर २००५ च्या संध्याकाळी न्यूरेंबर्गमध्ये संग्रहालयाची वाहने ठेवलेल्या शेडला आग लागली. वीसहून अधिक ऐतिहासिक वाहने तिच्या भक्ष्यस्थानी पडली आणि त्यांत १९३५ ची चालती ‘आडलर’ही होती. आता पर्याय तीन होते. प्रदर्शनातल्या प्रतिकृतीवर समाधान मानायचे, १८३५ च्या इंजिनाशी अधिक जुळणारे नवे इंजिन बांधायचे, किंवा जळालेल्या सांगाड्यातले जे वाचले असेल ते वापरून १९३५ चीच प्रतिकृती पुन्हा उभी करायची. तिसरा मार्ग पत्करण्यात आला. माइनिंगन येथील वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यात काम झाले, २००७ मध्ये ‘आडलर’ पुन्हा वाफेवर आली आणि २०१० मध्ये जर्मन रेल्वेच्या १७५ व्या वर्षी प्रवाशांना घेऊन धावली.

नकलेची नक्कल करण्यात काय अर्थ, असे यावर कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही, पण तो अपुरा आहे. मूळ ‘आडलर’ वापरात राहिली जेमतेम बावीस वर्षे, तर आग लागली तेव्हा तिच्या प्रतिकृतीला सत्तर वर्षे झाली होती. अंदाजाने ठरवलेल्या तिच्या तपशिलांसह ती स्वतःच एक ऐतिहासिक वस्तू बनली होती, आणि १९३५ च्या लोकांनी १८३५ कडे कसे पाहिले याचा तो पुरावा होता. तो पुसून ‘अधिक अस्सल’ इंजिन बांधणे म्हणजे स्विंडनची चूक वेगळ्या रीतीने करणे ठरले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंग्लंडमधील रेनहिल येथे १८२९ मध्ये नव्या रेल्वेसाठी इंजिन निवडायला झालेल्या स्पर्धेतील इंजिनांबाबत प्रश्न वेगळा आहे. मूळ ‘रॉकेट’ शिल्लक आहे, परंतु सेवेत असतानाच तिच्यात इतके बदल झाले की तिरपे बसवलेले सिलिंडर जवळजवळ आडवे झाले. स्पर्धेच्या वेळचे रूप म्हणूनच प्रतिकृतीतून अधिक चांगले कळते. दीडशेव्या वर्षासाठी १९७९ मध्ये तयार झालेल्या चालत्या प्रतिकृतीचे धुराडे मात्र मूळ धुराड्यापेक्षा आखूड ठेवावे लागले. मधल्या काळात रुळांखालचा भराव उंचावल्याने रेनहिलच्या पुलाखाली पुरेशी मोकळीक उरली नव्हती. त्याच स्पर्धेतल्या ‘नॉव्हेल्टी’ची नवी प्रतिकृती पुढे स्वीडनच्या संग्रहालयात गेली, कारण तिच्या मूळ रचनाकारांपैकी एक जण स्वीडिश होता.

खरा खर्च सोहळ्यानंतर सुरू होतो. बॉयलरची ठरावीक मुदतीने सखोल तपासणी होते, त्याच्या नळ्या बदलाव्या लागतात आणि कधी तो पूर्णच नवा घ्यावा लागतो. ‘रॉकेट’च्या प्रतिकृतीला अवघ्या तीस वर्षांत नवा बॉयलर बसवावा लागला व ती २०१० मध्ये पुन्हा सेवेत आली. सुरक्षेचे नियम मूळ बांधणीला मोकळे सोडत नाहीत, त्यामुळे रिव्हेटच्या जागी वेल्डिंग येते आणि नव्या पद्धतीचे ब्रेक बसवावे लागतात. ‘आयर्न ड्यूक’ या रुंद रुळांवरच्या इंजिनाच्या १९८५ च्या प्रतिकृतीमध्ये तर दुसऱ्या महायुद्धकाळातल्या आरेखनाच्या शंटिंग (डबे इकडून तिकडे हलवणाऱ्या) इंजिनांचे भाग वापरले गेले. उलट ‘फायर फ्लाय’ या तशाच इंजिनाची प्रतिकृती बांधणाऱ्या चाहत्यांनी मूळ रचनेशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह धरला आणि ते इंजिन २००५ मध्ये पूर्ण व्हायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

१९७५ मध्ये, पहिल्या सार्वजनिक वाफेच्या रेल्वेच्या दीडशेव्या वर्षी बांधलेली, त्या रेल्वेच्या ‘लोकोमोशन’ इंजिनाची प्रतिकृतीही याच फेऱ्यातून गेली. द्विशताब्दीच्या आधी तिची मोठी दुरुस्ती करण्यात आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मूळ मार्गाच्या भागावर तीच धावली. मूळ इंजिन पेटवले गेले नाही.